सप्तमाळची जीभ

फाटकातून कंटेनर बाहेर जायचे, आत यायचे नाहीत. सप्तमाळ सहकारी वाईनरी उभी राहिल्यापासूनचा हा शिरस्ता. रिकामा ट्रेलर यायचा, वाईन भरून घ्यायचा आणि कसारा घाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदराला लागायचा. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी भरलेला कंटेनर आत शिरताना पाहून शाल्मली बोरस्तेला आधी वाटलं, ड्रायव्हर रस्ता चुकला.

"कुणाकडे आलात?" तिनं विचारलं.

"सप्तमाळ हेच ना? माल उतरवायचाय, मॅडम."

दार उघडलं. आत निळी पिंपं, एकावर एक रचलेली. प्रत्येक पिंपावर सप्तमाळचं चित्र, सात टेकड्या आणि द्राक्षाचा घड, आणि खाली ठसठशीत अक्षरं : सप्तमाळ शिराझ, अर्क. भरल्याचं ठिकाण मात्र पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाचं एक बंदर.

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती इथली मुख्य वाईनमेकर. दिंडोरीच्या या उतारांवरून शिराझ जातीच्या द्राक्षांचं जे काही सप्तमाळ शिराझ म्हणून जगात गेलं, ते आधी तिच्या जिभेवरून गेलेलं. आणि आता आईला न विचारताच कुणीतरी बाळंतपण उरकलं होतं आणि बाळ दारात आणून ठेवलं होतं.

ती तडक चेअरमनच्या खोलीत घुसली. दार वाजवण्याची तसदी घेतली नाही. चेअरमन हेमंतराव निरगुडे चहा पीत होते आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, ती नेहमी बसते त्या खुर्चीत, तिचा धाकटा भाऊ बसला होता. डॉक्टर अमोघ बोरस्ते. पुण्याहून आलेला. बहिणीला न कळवता.

"बसा मॅडम, चहा सांगतो," हेमंतराव म्हणाले.

"मी बसायला आले नाही. बाहेर काय उतरतंय?"

हेमंतरावांनी कप बशीत ठेवला. सहकारात तीस वर्षं काढलेला माणूस. वाईट बातमी सांगताना आवाज कसा मऊ करायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. "यंदा द्राक्षं घ्यायची नाहीत, असा संचालक मंडळाचा विचार आहे. जगात अर्क मातीच्या मोलानं मिळतोय. तो आणायचा, त्यात आपलं पाणी घालायचं, बाटल्या भरायच्या. नाव सप्तमाळच."

"आणि शेतकरी? बागेत माल तयार आहे. आठवडाभरात तोडणी सुरू व्हायचीय."

"बेदाणा करतील."

"वाईनच्या द्राक्षाचा बेदाणा होत नाही, हेमंतराव! नुसती साल आणि बिया. हे तुम्हाला माहीत आहे."

हेमंतरावांना ते माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

शाल्मली भावाकडे वळली. "आणि तू? तू हे जमवून दिलंस?"

"ताई, यंत्र माझं आहे. ते कोण कशासाठी वापरतं, ते माझ्या हातात—"

"नाही. तुझ्या हातात काहीच नसतं. लहानपणी कैरी पाडायचास तेव्हाही दगड आपोआपच सुटायचा."

आता हे यंत्र काय ते सांगायला हवं, कारण सगळी आग तिथूनच लागली.

लोकांना वाईन म्हटलं की बाटली दिसते. पण जगातली पुष्कळशी वाईन बाटलीतून प्रवास करत नाही, पिशवीतून करते. कंटेनरच्या पोटात मावणारी एक अजस्र प्लास्टिकची पिशवी, तीत चोवीस हजार लिटर वाईन. परदेशात पोचली की तिकडचे लोक बाटल्या भरतात, त्यावर किल्ल्याबिल्ल्याचं चित्र चिकटवतात. या धंद्यात नाव नसतं, तोरा नसतो. भाव असतो आणि जहाजाचं भाडं असतं. सप्तमाळ याच धंद्यावर जगत होती आणि बरी जगत होती. मग तांबड्या समुद्राचा रस्ता एकदा बंद झाला, उघडला, पुन्हा बंद झाला. जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालू लागली. भाडं चढत गेलं आणि वाईनचा भाव, पिणारे कमी आणि पिकवणारे फार म्हणून, उतरत गेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्या दिवसांत जेवताना शाल्मली एकदा चिडून म्हणाली होती, "आपण वाईन कुठं पाठवतो? आपण पाणी पाठवतो. पाण्याचं भाडं भरून मरतोय नुसते."

अमोघ तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत पडद्यांवर काम करत होता. सिनेमाच्या नव्हे, गाळणीच्या. बहिणीचं बोलणं त्याच्या डोक्यात बसलं. वाईनमध्ये पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. तापवून ते उडवता येतं, पण तापवलं की वास मरतो, दारू उडते, आणि उरतो तो काढा. अमोघनं तापवलं नाही. पाण्याचा रेणू हा रेणूंच्या जातीतला बुटका. दारूचा रेणू त्याच्याहून थोराड, आणि रंगाचे, वासाचे, तुरटपणाचे रेणू तर पहिलवानच. त्यानं कार्बनचा, एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा घेतला आणि त्याला अशी भोकं पाडली की त्यातून फक्त बुटक्यानं निसटावं. वाईन दाबानं त्याच्यावर ढकलायची. पाणी पलीकडे, बाकी सगळं अलीकडे. पाच पिशव्यांच्या जागी एक. त्यानं यंत्राचं नाव ठेवलं 'निर्जला'.

पाणी काढणं झालं, पण परत घालणं त्याहून अवघड निघालं. कालची आमटी पाणी घालून वाढवली की घरच्यांना पहिल्या घासाला कळतं, तशी ही वाईनही कळायची. म्हणून अमोघनं यंत्राला दुसरं अंग जोडलं. केसाहून बारीक हजारो तारा, प्रत्येक तार एकेका द्रव्याला ओळखणारी. पाणी घालत जाताना त्या चव मोजायच्या, आणि कमी पडेल ते यंत्र थेंबाथेंबानं घालायचं : आम्ल, क्षार, तुरटपणा. मोजायची कशाशी? तर शाल्मलीच्या जिभेशी. चार हंगाम ती त्या यंत्रापुढे बसली. घोट घ्यायचा, थुंकायचा, सांगायचं. "अजून तुरट. नाही, आता फार झालं. थांब. हां, ही आपली." यंत्र शिकत गेलं. सगळे त्याला 'जीभ' म्हणू लागले आणि शाल्मलीला त्याचा कोण अभिमान! परदेशातला एक जाणकार आला आणि त्याला मूळची वाईन कुठली नि पाणी घातलेली कुठली, ते सांगता येईना. त्या दिवशी तिनं अमोघच्या पाठीत धपाटा घातला होता, लाडानं.

पुढं पुढं तर तिला कच्च्या टाक्यांना तोंड लावायचीही गरज उरली नाही. द्राक्षं चिरडली, आंबली, की माल नळानं थेट 'निर्जला'त जाई आणि तिच्यासमोर येई तो जिभेनं पास केलेला पेला. तो नेहमी उत्तम असे. माझ्याच जिभेचं यंत्र, मला कशाला फसवेल?

आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर असा, चांगला निवडून, पॉलिश करून.

कारण पापुद्रा काय, जीभ काय, अमोघची कंपनी एकट्या सप्तमाळला थोडीच देणार होती? सगळ्या जगानं आपापली उरलीसुरली वाईन आटवली आणि पिंपात भरली. बंदराबंदरांत अर्क साचला. त्यात सरकारी नियम आला : ज्या मालाच्या वजनाचा मोठा भाग जिथला, तो माल तिथला. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात बिस्किटं असावीत, नाहीतर साबण. पण वाईनचं वजन म्हणजे पाण्याचं वजन. मग कुठल्याही देशाचा शिराझ अर्क आणा, दिंडोरीच्या खोऱ्यातलं पाणी घाला, जिभेला सांगा की हिला सप्तमाळ कर. कायद्यानं ती सप्तमाळ. चवीनंही सप्तमाळ. फक्त सप्तमाळची द्राक्षं तिच्यात नाहीत, आणि कायद्याला त्याचं काही वाटत नाही.

चेअरमनच्या खोलीत ती अजून उभीच होती. 

"रविवारी 'ओळख' आहे," ती म्हणाली. "तेव्हा सभासदांना सांगणार होतात ना हे? तोंड गोड करून?"

"सांगावं तर लागेलच."

"मग असं करा. मला पाच पेले द्या. चार या तुमच्या पिंपांतले, जिभेनं कमी-जास्त सफाई करून बनवलेले. एक आपल्या द्राक्षांचा, खरा, यंत्राच्या नळातून न गेलेला. नमुने ठेवलेत ना कोठीत? मी सगळ्यांसमोर आपला ओळखून दाखवते. ओळखला तर यंदाची सगळी द्राक्षं घ्यायची आणि ही पिंपं आली तशी परत."

"आणि नाही ओळखलात तर?"

"तर मी स्वतः सभासदांना सांगेन की बागा मोडा."

"ताई, नको," अमोघ पटकन म्हणाला. "असं नको करूस. आधी माझं ऐक—"

"का? घाबरलास?"

"ताई, यंत्र जे करतं—"

"यंत्र काय करतं ते मला सांगू नकोस! तुझ्या यंत्राला बोलायला मी शिकवलंय!"

हेमंतरावांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. अमोघचा चेहरा पडलेला होता आणि त्यावरून त्यांना जे समजायचं ते समजलं. "ठरलं मग," ते म्हणाले. आयतं घबाड दारी आलं तर कोण नाही म्हणेल?

'ओळख' म्हणजे सप्तमाळचा सण. तोडणीआधीच्या रविवारी सगळे सभासद वाईनरीच्या मोठ्या शेडमध्ये जमतात. जेवण असतं, मटणाचा रस्सा आणि भाकरी, ज्यांना चालत नाही त्यांना पिठलं. त्याआधी वाईनमेकरनं लोकांसमोर अनोळखी पेले चाखून सांगायचं की हा कुणाच्या बागेचा. पेल्यात कोठीतल्या जुन्या, मुरलेल्या नमुन्यांची वाईन असते आणि बुडाला चिठ्ठी लावलेली असते. वाईनमेकरनंच पेला उलटा करून ती वाचायची. शाल्मली कधी चुकली नव्हती. "हा उंबरखेलचा, नाल्याकडच्या वाफ्यातला," असं ती म्हणे, पेला उलटा करी, आणि शेडमध्ये शिट्ट्या वाजत. पत्रा निघेल की काय असं वाटे.

त्या रविवारी शिट्ट्या आधीच सुरू झाल्या होत्या. बातमी फुटली होती. पिंपं सगळ्यांनी पाहिली होती आणि माणसं पेटून आली होती.

"शालू, त्या चेअरमनचं नाक काप आज!" पहिल्या रांगेतून मंदाकाकू कडलग ओरडल्या. साठी ओलांडलेली बाई, नवरा गेल्यावर टेकडीवरची चार एकर शिराझ एकटीनं उभी केलेली, वर खोऱ्यातल्या पाणी वापर संस्थेची अध्यक्ष. धरणातून येणारं पाणी कुणाच्या बागेला किती, हे त्या ठरवत, आणि त्यांच्याशी वाद घालायला आमदारही बिचकत. "आम्ही काय मेलोय का, तर परक्या देशातून वाईन आणू राह्यले!"

शाल्मली टेबलाशी उभी राहिली. अमोघ एका खांबाला टेकून उभा होता. त्यानं काल चार वेळा फोन केला होता, तिनं एकदाही उचलला नव्हता.

पहिला पेला. तिनं नाकाला लावला, घोट तोंडात फिरवला, बादलीत थुंकला. "पिंपातली."

टाळ्या.

दुसरा. तिनं जरा जास्त वेळ घेतला. "हीपण पिंपातलीच. सफाई जास्त आहे."

तिसऱ्या पेल्याचा वास नाकात शिरला आणि तिचे डोळेच मिटले. काळी मिरी. जांभळाच्या सालीचा तुरटपणा. मागं ती ओल्या मुरमाची किंचित थंड चव, जी फक्त या टेकड्यांवर येते, जिच्यासाठी तिनं आयुष्य घातलं. पहाटे गारठा असायचा, द्राक्षं सावकाश पिकायची, त्या हंगामांची चव. तिला रडू येईल असं वाटलं.

पण दोन पेले राहिले होते. चौथा तिनं झटकन बाजूला केला. पाचवा तोंडात घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. दारू झोंबणारी, फळ करपलेलं, जॅम जळल्यासारखं, शेवटी जिभेवर कडवट राख. इतक्या दिवसांचा राग तिच्या ओठांवर आला.

"हा कुठल्या भट्टीतून आणलाय?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ज्या कुणी वाळवंटात ही द्राक्षं लावलीत, त्याला निरोप द्या चेअरमन, म्हणावं द्राक्षं सोड आणि निवडुंग लाव!"

शेडमध्ये हशा पिकला. मंदाकाकू मांडीवर थाप मारून हसल्या.

"आपली ही," शाल्मली म्हणाली आणि तिसरा पेला उंच धरला. वाईन बादलीत ओतली, पेला उलटा केला.

चिठ्ठीवर त्या दक्षिणेकडच्या बंदराचं नाव होतं.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग पाचवा पेला उचलला. तो रिकामा करायचंही तिला सुचलं नाही. तसाच डोक्यावर धरून तिनं खालून बघितलं. खाली लिहिलं होतं : कडलग, टेकडीचा वाफा, गेला हंगाम.

लोक वाट बघत होते. हेमंतराव खुर्चीत नीट बसले. खोटं वाचायला एक क्षण पुरला असता. चिठ्ठी तिच्या हातात होती, आणि रिवाजाप्रमाणे वाचायची तिनंच. तो क्षण तिच्या मनात आला आणि गेला. वीस वर्षं ही माणसं तिच्या जिभेवर विसंबून होती. त्याच जिभेनं आता त्यांना फसवायचं?

"मी चुकले," ती म्हणाली. "तिसरी पिंपातली आहे. पाचवी आपली आहे. मंदाकाकूंची."



ती खांबाकडे चालत गेली आणि सगळ्यांसमोर भावाची कॉलर धरली. "तुला माहीत होतं."

"हो."

"काय केलंस त्या वाईनला?"

"मी काही नाही केलं, ताई. ती तशीच आहे." अमोघ म्हणाला. "यंत्र तू सांगितलेल्या चवीशी जुळवतं. ती चव तू शिकवलीस तेव्हाच्या हंगामांची. त्यानंतर इथं ऊन काय पडलं ते बघितलंस ना? जानेवारीत पंखे लावतोय आपण. द्राक्षं वेलीवरच भाजतात. दरवर्षी आपल्याच वाईनला 'सप्तमाळ' करायला यंत्राला जास्त जास्त दुरुस्ती करावी लागते. तुला येणारा पेला दुरुस्त केलेला असायचा. इथली खरी वाईन तू तीन हंगाम चाखलीच नाहीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला आलो होतो. मागच्या दिवाळीत. तू म्हणालीस, माझ्याच जिभेचं यंत्र आहे, तू मला काय शिकवतोस."

हे ती म्हणाली होती. शब्दन् शब्द. तिनं कॉलर सोडली. आपलेच दात, आपलेच ओठ. राग कुणावर काढायचा? यंत्र खोटं बोललं नव्हतं. जी सप्तमाळ आता या टेकड्यांवर पिकत नव्हती, ती ते इमानेइतबारे बनवत बसलं होतं, आणि ती त्या आठवणीच्या प्रेमात पडून जिवंत बाईच्या बागेवर सगळ्यांसमोर थुंकली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

हेमंतराव माईकपाशी आले. "बोललेलं सगळ्यांनी ऐकलंय. मॅडमनीच अट घातली होती. मला यात आनंद नाही, पण आता भावनेत वाहून चालणार नाही. जग बदललंय. यंदा द्राक्षं घेतली जाणार नाहीत. उद्यापासून पिंपं फोडायची. जेवून घ्या सगळे."

माणसं जागची हलली नाहीत. मग मंदाकाकू उठल्या. लोकांना वाटलं, त्या निघाल्या. त्या टेबलाशी आल्या.

"चेअरमन, तुमच्या एका पिंपात पाणी किती घालायचं?"

"चार पिंपं. का?"

"कुठलं पाणी?"

"आपल्या नळाचं, काकू. नेहमीचं."

"नळाला कुठून येऊ राह्यलं?"

हेमंतरावांच्या आवाजातला मऊपणा जरा कमी झाला. "पाणी वापर संस्थेकडून. करार आहे आपला."

"करार द्राक्षं धुवायचा आणि टाक्या धुवायचा आहे. मीच केलेला. वाईन वाढवायचा नाही." त्यांनी मागं वळून पाहिलं. "काय रे, आपण पाणी द्राक्षाला घेऊ राह्यलो का ह्यांच्या पिंपाला?"

"द्राक्षाला!" शेड गरजली.

"बघा. आम्ही नाही देत. तुमची वाईन तुम्हाला लखलाभ. थुंकीत कालवा ती."

"काकू, हा आडमुठेपणा आहे. टँकर आणीन मी! शंभर टँकर!"

"टँकर चालणार नाही, साहेब."

हे अमोघ म्हणाला. हेमंतराव गर्रकन वळले.

"नियम वजनाचा आहे," अमोघ म्हणाला. तो पुढे आला नाही, खांबाशीच उभा राहिला, पण आवाज चढवून बोलला. "वजन पाण्याचं. पाणी याच खोऱ्यातलं हवं. बाहेरून आणलेलं घातलं तर ती कायद्यानं सप्तमाळ होत नाही."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे, डॉक्टर? तुमची कंपनी—"

"कंपनीचं मी बघतो."

शाल्मलीनं भावाकडे पाहिलं. माफ केलं नाही. पण पाहिलं.

हेमंतराव तिच्याकडे फिरले. घाम पुसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजवा यांना. पाणी अडवून काय मिळणार? समजा घेतली द्राक्षं. निघणार ही असली वाईन. करपलेली. भट्टीतली, तुमचाच शब्द. निवडुंग लावा म्हणालात तुम्ही. ही विकायची मी? कुणाला?"

प्रश्न खरा होता, म्हणूनच तिला अधिक राग आला. खऱ्या प्रश्नाआड लपणारी माणसं तिला खोट्या माणसांहून जास्त चीड आणत. ती टेबलाशी गेली. पाचवा पेला अर्धा भरलेला होता. 'ओळख'च्या दिवशी वाईनमेकरनं गिळायचं नसतं, जीभ बधिर होते म्हणून. तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

घसा जळला. तिनं थांबून पुन्हा लक्ष दिलं, या वेळी राग बाजूला ठेवून, जसं ती पूर्वी कच्च्या टाकीशी ठेवायची. करपट होती, कडू होती. पण राखेच्या मागं काहीतरी होतं जे तिला आधी जाणवलं नव्हतं. उन्हात उभं राहिलेलं झाड जे करतं ते : साल जाड करतं, रस कमी करतं, जगतं. तिला ती चव आवडली नाही. तिच्यात खोटं मात्र काही नव्हतं.

"विकायची कुणाला, मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित कुणी घेणारही नाही. पण हेमंतराव, तुम्ही पिंपातून जी काढणार आहात, तिच्यात थंडीची चव आहे. इथं थंडी उरलीय का? आपण जगाला सांगतोय की इथं सगळं आलबेल आहे. तिकडचे लोकही तेच सांगतायत, कारण त्यांच्या बागाही जळतायत आणि त्यांच्याकडेही जीभ आहे. सगळेच एकमेकांना जुनी वाईन पाजतायत. जगात कुणाच्याही तोंडाला यंदाचं ऊन लागत नाही. मग ते थांबवायचं कुणाला सुचेल?"

हेमंतराव म्हणाले, "भाषण छान आहे."

"भाषण नाही. माझं नाव देऊन शिकवलेली चव आहे त्या यंत्रात. अमोघ, ती पूस."

"ताई, चार हंगामांचं काम आहे. परत नाही येणार ते."

"मला ठाऊक आहे काय येत नाही परत. पूस."

अमोघनं मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला आणि शेडच्या कोपऱ्यात, यंत्राकडे निघाला. त्याला अडवायला दोन संचालक उठले, पण मधे सभासद उभे होते. ते आपणहून बाजूला होणार नव्हते, आणि संचालकांच्याही ते लक्षात आलं. कोपऱ्यात यंत्राचा हिरवा दिवा विझला. शाल्मलीला आपल्या तोंडातून दात उपटावा तसं झालं.

हेमंतराव माईकची वायर गुंडाळू लागले. पाण्याविना पिंपं उपयोगाची नाहीत, आणि जिभेविना पाणीही नाही. त्यांना हिशेब कळत होता : आता द्राक्षंच घ्यावी लागणार.

मंदाकाकू अजून टेबलाशीच होत्या. त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं, निवडुंगवालं बोलणं विसरलेल्या नव्हत्या, ते दिसत होतं.

"शालू, द्राक्षं कधी आणायची?"

"उद्या. सकाळी उन्हाआधी."

"कडू लागंल वाईन. तूच म्हणालीस."

"लागू द्या, काकू," शाल्मली म्हणाली. "आपण कसल्या उन्हात पिकतोय, ते उतरू द्या एकदा जगाच्या घशाखाली."